दोन्ही गुडघ्यांच्या पट्ट्या

आप्पा,

काल दुपारी जिना उतरताना डाव्या गुडघ्यात कळ आली आणि मी कठडा धरून तशीच उभी राहिले. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने विचारलं, "शुं थयुं, बेन?" मी "कंई नथी" म्हणाले आणि वर परत आले. जुनी सुती ओढणी फाडून पट्टी केली, गुडघ्याला बांधली, आणि उरलेल्या तुकड्याची दुसरी पट्टी करून ती उजव्या गुडघ्यालाही बांधली. उजव्याला काहीच झालेलं नाही. घरात बघणारंही कोणी नव्हतं. मुलगा अहमदाबादला, त्याचे वडील दुकानात. आपण काय केलंय ते बांधून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

हे खरं तर अहिराणीत लिहायला हवं. पण अहिराणी मी तुमच्याशी फक्त बोलले, लिहिली कधीच नाही, आणि आता बोलायलाही कोणी उरलेलं नाही. आई गेल्यापासून या घरात तो आवाज नाही. मुलगा मला गुजरातीत उत्तर देतो. म्हणून ही शाळेतली मराठी. मी ती घरात बोलायला लागले की तुम्ही म्हणायचा, "आते पाव्हनी उनी." आज तुम्हाला लिहितानाही मी पाहुणीसारखीच बसले आहे.

तुमच्या खेळातलं अर्धं मी फक्त ऐकलेलं आहे. पर्वत पाटियाजवळ तुमचं लूमचं खातं, यंत्रमागाचा कारखाना, आणि त्यामागे मोकळी जागा होती. पाळी सुटली की तिथे आपल्या खानदेशी कारागिरांची कबड्डी चालायची, आणि गावाहून आल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्ही तिघांना अंगावर घेऊन मध्यरेषेपर्यंत आलात, हे आई सांगायची, तेही नाराजीने. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. चढाईला निघालात की तुम्ही इतके वाकायचा की समोरच्यांना धरायला फक्त खांदे मिळायचे. लूमच्या खडखडाटात कान गेले होते, त्यामुळे तुमचं "कबड्डी कबड्डी" मैदानाच्या पार पलीकडे ऐकू जायचं. दम तुटला का, अशी शंका पंचाला कधी आली नाही. कडोदऱ्याच्या एका सामन्यात पाच जण तुमच्यावर पडलेले आहेत, माणूस दिसतच नाही, आणि त्या ढिगातून एक हात बाहेर येतो आणि चुन्याच्या रेघेला बोटं लावतो. उठलात तेव्हा नखांत पांढरं भरलं होतं. त्यानंतर चलथाणकडच्या एका संघाने तुम्हाला दोन मोसम मागून नेलं. दुसऱ्या मोसमात तिथेच एकाने घोटा धरला, दुसरा मागून कोसळला आणि डावा गुडघा आतून वळला.

पुढची चार वर्षं तुम्ही त्या गुडघ्यावर खेळलात, आणि तो कोणता ते कोणाला कळू दिलं नाही. दुखरा पाय समजला की समोरचे सगळे त्याच पायावर येतात. म्हणून पट्टी दोन्हीकडे. दिवसभर तुम्ही ताके विणायचा, पण ते पॉलिस्टर गुडघ्यावरून सरकायचं; पट्टीसाठी आजोबांचं सुती धोतर गावाहून मागवलं होतं. आई दारात बसून साड्यांचं धागा कटिंग करायची, तिला तुमचं खेळणं मुळीच आवडत नव्हतं, त्यामुळे बांधायचं काम माझ्याकडे आलं. आधी उजवी, दारात बसून, गल्लीला दिसेल अशी, आणि जरा जास्तच घट्ट. मग डावी, आत, दार लोटून. "कोनता पाय ते तुले आन माले ठाऊक," तुम्ही म्हणायचा. "तुन्ही मायले बी नही." मला त्याचा किती अभिमान होता, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

चौऱ्याण्णवच्या प्लेगात सगळे गावी पळाले आणि परत आले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. कडोदऱ्याला आपल्या मराठी लोकांची स्पर्धा होती, आपला संघ अंतिम सामन्यात होता, आणि हा माझा शेवटचा, असं तुम्ही आठवडाभर सगळ्यांना सांगत होतात. त्याच दुपारी माझ्या कॉलेजात वक्तृत्वाची अंतिम फेरी होती. मी तुम्हाला एकदाच विचारलं. तुम्ही म्हणालात, "सामना सरना की येस." सामना सरायला संध्याकाळ होणार हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

सकाळी मी पट्ट्या बांधल्या, तुम्ही वर पँट चढवून नळावर पाणी भरायला गेलात, आणि तेवढ्यात कप्तान आले. तुमच्या शेजारच्या लूमवरचे, बीडकडचे, तोंडाला कधी विश्रांती नसलेले. "काय वक्ताबाई, आज कुणाला गार करणार?" म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "खरं सांग पोरी, आप्पाचा पाय कसाय? तुझ्याबिगर कुणाला दावीत न्हाईत. मला त्यांच्या जागी दुसरा गडी उतरवता येतोय." मी म्हटलं, "डावा. फार सुजलाय. आज पडले तर उठायचे नाहीत." ते उरलेल्या धोतराच्या तुकड्याकडे बघत राहिले. "तू सांगितलं हे मी सांगणार न्हाई," म्हणाले आणि गेले. त्यांनी तो शब्द शेवटपर्यंत पाळला.

त्यांनी तुम्हाला सातांत घेतलं नाही. डावा पाय बरा नाही, राखीव खेळाडूंत बसा म्हणाले. तुम्ही बसला नाहीत. मी व्यासपीठावर चढले तेव्हा तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. पट्ट्या तशाच. पँटचे गुडघे फुगलेले, खुर्च्या इतक्या जवळ की पाय दुमडायला जागा नाही, म्हणून दोन्ही पाय वाटेत सरळ सोडलेले, आणि मुली साड्या सावरत ते ओलांडून जातायत. मी गुजरातीत बोलत होते, विषय आता आठवत नाही. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात, खात्यात कारागीर एकमेकांचं बोलणं नुसतं बघून समजून घेतात तसे. तिसरा नंबर आला. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही तुमच्या चालू होत्या.

परतताना बसमध्ये तुम्ही विचारलंत, "कप्तानले डावा पाय कसा समजना व्हई?" मी तुमच्या कानाशी तोंड नेऊन, खिडकीबाहेर बघत, मोठ्याने म्हटलं, "चालनावरून समजना व्हई." तुम्ही मान हलवलीत. घरी आल्यावर पट्ट्या स्वतःच सोडल्यात, नेहमीसारख्या गुंडाळल्यात आणि फळीवर ठेवल्यात. त्या पुन्हा खाली आल्या नाहीत. आपला संघ जिंकला होता, हेही लिहायला हवं. माझ्यासाठी त्याने काही बदलत नाही.

त्यानंतर तुम्ही त्या मैदानावरून जाणंही सोडलंत. खात्यातून घरी यायला वळसा घालायचा. पण मला त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. तुम्ही चाल बदललीत. डावा पाय मुद्दाम सरळ टाकायला लागलात, मोजून, रस्त्यात कोणी बघत असो वा नसो. माझं ते बसमधलं उत्तर तुम्ही खरं धरलं होतं. गल्लीच्या तोंडाशी तुम्ही दिसलात की मी आत जायचे. शेवटच्या आजारपणात, भिंत धरून मोरीपर्यंत जातानाही तुम्ही तो पाय तसाच टाकत होतात, आणि मी मागून हात पुढे करून चालत होते, तेव्हाही बोलले नाही. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. हे न सांगता राहण्याची मला सवय झाली आहे, असं मला वाटत होतं.

लग्नानंतर एकदा मी हे घरात यांना सांगितलं होतं. हे म्हणाले, "मग चांगलंच केलंस की. त्यांचा पाय वाचवलास." मी ते खोडलं नाही. पुढे कित्येक वर्षं मीही तेच म्हणत राहिले, मनाशी, आणि थोडीफार झोप लागत गेली.

आज सकाळी त्या वर्षाची डायरी काढली. त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे: "आप्पा आले. तिसरा नंबर." हे पत्र त्याच पानात ठेवते आहे. गुडघ्याबद्दल तिथे एक शब्द नाही. मी तेव्हाही सगळं लिहून ठेवणारी मुलगी होते, मग हेच का सुटलं, असं मी आज स्वतःला विचारलं, आणि उत्तर शोधावं लागलं नाही. त्या सकाळी दार लोटून डावी पट्टी बांधताना तुमचा गुडघा माझ्या तळहातात होता. त्याला सूज नव्हती, आप्पा. त्या सबंध हिवाळ्यात तो इतका बरा कधीच नव्हता.