आपला गोबरगॅस का बंद पडला

आबा, आज नववीच्या वर्गात मी फळ्यावर दोन रकाने आखले. एकात कोळसा, डिझेल, रॉकेल. दुसऱ्यात ऊन, वारा, पाणी आणि शेवटी गोबरगॅस. पहिल्यातलं एकदा वापरलं की संपतं, दुसऱ्यातलं पुन्हा पुन्हा मिळत राहतं, एवढं सांगून झालं, तर एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, शेण तर रोजच मिळतं. मग गावातले गोबरगॅस बंद का पडले?" जनावरं कमी झाली, टाक्या गंजल्या, सिलिंडर दारात यायला लागले, असं काहीबाही मी सांगितलं. ते खरंही होतं. फक्त आपला का बंद पडला ते सांगितलं नाही. तुम्हालाही कधी सांगितलं नाही.

पलटणीतून तुम्ही इंजिनाचं काम शिकून आलात आणि विहिरीवर डिझेल इंजिन बसवलंत. मग ते साल आलं, डिझेल मिळेनासं झालं. उंब्रजच्या पंपावर दोन दिवस कॅन धरून उभे राहिलात आणि रिकामे परतलात. पाण्यावाचून शाळूचं पीक डोळ्यांदेखत वाळलं. त्या संध्याकाळी गोठ्याकडे बघत तुम्ही आईला म्हणालात, "जमिनीच्या पोटातलं कोण कवा काढंल आन् आपल्याला कवा मिळंल, ह्याच्या भरवशावर ऱ्हायाचं न्हाई. दारात चार जनावरं हायती." विहिरीचं इंजिन त्यावर चालणार नव्हतं हे तुम्हाला माहीत होतं. निदान चूल तरी कुणाच्या दयेवर नको, एवढंच तुमचं म्हणणं. खड्डा तुम्हीच खणलात. पहिल्या दिवशी निळ्या ज्योतीवर आई भाकरी भाजत होती आणि मधेच थांबून तिने सवयीने पदराने कोरडेच डोळे पुसले. "आवं, आज पाणीच न्हाई आलं डोळ्यांत," ती म्हणाली, आणि तुम्ही उगाच बाहेर निघून गेलात.

संडास त्या खड्ड्याला जोडला तिथून बिनसलं. तासगावकडचे पाहुणे मला बघायला आले होते. मुलाच्या मामांनी शेगडीची चौकशी केली आणि तुम्ही आनंदाने सगळं समजावलंत, जमिनीवर बोटाने नळी काढून, संडासासकट. मामांनी उष्टावलेली कपबशी हळूच खाली ठेवली. बाकीच्यांनी हातही लावला नाही. चार दिवसांनी नकार आला. पुढचे पाहुणे तर वाटेतूनच परतले. मी एकोणीस वर्षांची होते. संडास तोडा म्हणून तुमच्याशी भांडले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "डिझेल कुठनं येतं ते कुणी कवा इचारलं न्हाई. हे आपल्या घरातलं हाय म्हणून इचारत्यात. घाण त्यांच्या डोक्यात हाय, पोरी." मी म्हटलं, "आणि माझं काय?" तुम्ही घमेलं उचललंत. शेण कालवायला निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही कराडला गेला होतात. जनावरांच्या जखमांवर लावायचा फिनेलचा डबा गोठ्यात होता. त्यानं आतले जंतू मरतात आणि गॅस धरत नाही, म्हणून संडासात थेंबभरसुद्धा टाकायचा नाही, हे तुम्हीच आम्हाला दहा वेळा बजावलं होतं. मी अख्खा डबा ओतला.

आठवड्याभरात ज्योत बारीक झाली, मग विझली. तुम्ही नळ्यांना साबणाचं पाणी लावून भोकं शोधलीत. व्हॉल्व्ह खोलून पुन्हा बसवलात. तपासायला आलेल्या माणसाने फिनेल पडलं का विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमच्या घरात असं कोण करंल?" मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होते. मग चार दिवस उन्हात बादली बादलीने तुम्ही खड्डा उपसलात. पाठ धरली ती तेव्हा, पुन्हा सुटली नाही. नव्याने भरायचं तुमच्याने झालं नाही आणि पाठ धरलेल्या माणसाला गडीही मिळेना, त्या कामाला कुणी हात लावत नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायचात, "माझंच काहीतरी माप चुकलं."

आई पुन्हा शेणकुटाच्या धुरात बसली. माझं लग्न पुढे ज्या घरात झालं, तिथे चुलीबद्दल कुणी विचारलंही नाही. दर माहेरपणाला आईला आणखी अंधुक दिसायला लागलेलं असायचं.

तिला माहीत होतं, आबा. तुम्ही खड्डा उपसत होतात त्या दुपारी, फुंकणीतून चूल फुंकता फुंकता, मागे न वळता ती म्हणाली, "डबा रिकामा झालाय, मी बगितलं. त्यास्नी सांगू नगंस. सोसायचं न्हाई." एवढंच. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, डोळे गेल्यावरही नाही.

उद्या त्या मुलीला खरं उत्तर द्यावं असं वाटतं, पण मी देईन असं वाटत नाही. हे लिहिलेले कागदही प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सरकवून ठेवणार आहे. आईने बजावलं म्हणून मी गप्प राहिले, असं आजवर स्वतःला सांगत आले. ते तसं नव्हतं. ती बोलायच्या आधीच मी ठरवलं होतं, तुम्हाला सांगायचं नाही. तिने सांगितलं तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं झालं.