वलगावच्या विहिरीतले भुयार

अमरावती,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

तीर्थस्वरूप केशवमामांस कमलाकांतचा साष्टांग नमस्कार. थंडीत आपला गुडघा कुरकुरत असेल. मामी देतात तो शेक मुकाट्याने घ्यावा, वैद्यांशी वकिली वाद घालू नये. मी खुशाल आहे. निदान गेल्या महिन्यापर्यंत होतो.

आपणच मला रत्नागिरीहून वऱ्हाडात आणून बांधकाम खात्यात चिकटवलेत. दिवसभर रस्ते मोजून संध्याकाळी करमेना, म्हणून मी इथल्या साप्ताहिकात कादंबरी लिहू लागलो (आपल्याला पसंत नाही, ठाऊक आहे). तिच्यात यादवांची राजकन्या आहे, उडता घोडा आहे, बोलणारी तोफ आहे (यादवांकडे तोफा नव्हत्या हे कळवू नये, बऱ्याच जणांचे कळवून झाले आहे). यांतल्या कशावरही कोणी विश्वास ठेवला नाही. पण राजकन्येला पळवायला मी चिखलदऱ्याच्या डोंगरातून एक भुयार काढले आणि तिथे माझ्यातला इंजिनिअर आडवा आला. नुसते ‘भुयार होते’ असे लिहवेना. उतार दिला, कमानीची जाडी दिली, चुन्यात गूळ किती घातला तेही दिले. तोंड काढले वलगावच्या किसनरावांच्या विहिरीत, कारण ती मी स्वतः पाहिलेली. लोकांना घोडा खोटा वाटला, उतार मात्र खरा वाटला.

रविवारी बैलांच्या दमण्या भरभरून माणसे वलगावी आली. भुयार म्हणजे खजिना असणारच, हे त्यांनी आपापसात ठरवून टाकले होते (मी तसे एका ओळीतही म्हटलेले नाही). विहिरीचा काठ खणला, मोट बंद पाडली, ऐन भरातली वांगी तुडवली. मी साप्ताहिकात खुलासा छापला की भुयार सर्वस्वी काल्पनिक आहे. झाले! सरकारी खात्यातला माणूस नाही म्हणतो, म्हणजे आत काहीतरी जबर आहे. पुढच्या रविवारी दुप्पट आले.

मग किसनराव बिऱ्हाडी आले. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. “सायब, मले वाचता येत नाई. भुयार तुमी लिहलं, तुमीच बुजवा,” एवढेच म्हणाले. मागून त्यांची बायको पार्बताबाई: “काहून लिहलं जी आमच्याच वावरात? आमी तुमाले कदी भाकर नाई देल्ली काय?” मामा, नवा आलो तेव्हा तापाने फणफणलो होतो, याच बाईंनी ज्वारीची पेज पाजून मला उभे केले. फार लाज वाटली. ही वांगी गेली तर त्यांचे वर्ष गेले.

तेव्हा येत्या अंकात भुयार वलगावला कायमचे कोसळते. मजकूर मी किसनरावांना वाचून दाखवला. त्यांनी आणखी दोन गाड्या दगड टाकायला लावले. टाकले.

मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक भाचा,
कमलाकांत

ता. क. संपादक राजकन्येला गाडू देईनात, तिला कुठेतरी बाहेर काढणे भाग होते. म्हणून भुयार अकोल्याकडे वळवले आहे. अकोल्यात माझ्या माहितीची विहीर एकच, आपल्या परसातली. मागच्या दाराला कुलूप घालावे, ही विनंती.

पुन्हा ता. क. अंक आणि हे पत्र एकाच गाडीने येत आहेत. वाचता वाचता दारावर थाप पडली, तर पक्षकार समजून ‘या, बसा’ म्हणू नये.