निकम सरांच्या नावातली चूक

४ एप्रिल, सोम.
लॅबमधल्या कॉम्प्युटरवर आज पुन्हा लाल पडदा. अझहर सकाळपासून तिथंच. एक मशीन लावलं, बंद केलं, दुसरं लावलं. प्रत्येकावर तेच. जरा वेळ बरं चालतं आणि मग लाल. मी बाहेर फोनच्या टेबलावर, काचेतून सगळं दिसतं.
बरं वाटलं. इथं खोटं कशाला लिहू.
सर्व्हर माझा आहे. म्हणजे संस्थेचा, पण उभा मी केला. शाळेचा कोरा कॉम्प्युटर वायरनं त्याला जोडायचा, चालू करायचा, एक बटण दाबायचं. बाकी सगळं आपोआप उतरतं, मराठीतून. हेडमास्तरांनाही जमावं असं. मागचं सगळं वर्ष त्यात गेलं. मार्चमध्ये आमचे प्रमुख निकम सर म्हणाले, "मनीषा, सर्व्हर अझहर बघेल, तू आता फोन सांभाळ. तुझं बोलणं गोड आहे."
१ मेला गावोगावच्या शाळांना कॉम्प्युटर द्यायचेत. पेट्या येऊन पडल्यात. आत सगळे कोरे.

५ एप्रिल
लिहायचं नव्हतं, पण लिहिते.
मागं पेपरात सर्व्हरची बातमी आली होती, नि.च्या फोटोसह. खाली 'रचना : निकम सर'. मी विचारायला गेले तर म्हणाला, "अगं, टीमचं काम असतं. नाव कुणाचं का असेना." नाव त्याचंच होतं.
मी मूर्ख, दादांना आधीच सांगून बसले होते की तुमच्या पोरीचं नाव येणार. दादा पेपर घेऊन पिशोरच्या बाजारात गेले. हॉटेलात एका मास्तरांकडून वाचून घेतला. मग फोन. "दोनदा वाचाया लावलं म्या. पार खालपस्तोर. तुजं नाय निघालं, मने." वर म्हणाले, "मास्तरालाच नीट येत नसंल वाचाया."
त्या शेवटच्या वाक्यासाठी मी नि.ला सोडणार नाही.

८ एप्रिल, पाडवा
सुट्टी. खोलीवर पाणी नाही. मुकुंदवाडीत टँकर आला नाही, समोरच्या नव्या बिल्डिंगला मात्र दोन आले, एक लिफ्टच्या बांधकामाला. एक हंडा मागून आणला, त्यातच आंघोळ, भांडी, गुढीचा तांब्या.
दादा मेंढरं घेऊन लासूर स्टेशनकडं. आमच्याकडं चरायला काही उरलं नाही. माय म्हणते, "सणाला दोघंबी भाईर. गुढी म्या एकलीनंच उभारली."
आमच्या शाळेत कॉम्प्युटर होता. इंग्रजीतला. सर त्याला भ्यायचे. वर टेबलक्लॉथ, आणि दसऱ्याला हळदकुंकू. मी दहावी झाले तोवर तो एकदाही चालू झालेला पाहिला नाही. तेव्हापासून डोक्यात होतं की असा एक करायचा, ज्याला भ्यावं लागणार नाही. केला. आणि मी फोन उचलते.

११ एप्रिल, सोम.
सापडलं!
अझहर टेबलाशी आला. "मनीषा, मेरेकू कुछ समझ नै रा. वायर बदली, वायरों का डबा बदला. तू एक बार देख लेती तो." म्हटलं, मला फोन आहेत. पण जेवायच्या सुट्टीत माझ्या टेबलावरच्या मशीनवर उत्तरांची फाईल उघडली. (सिस्टीम उतरताना मशीन प्रश्न विचारतं. भाषा कुठली, घड्याळ कुठलं. त्यांची उत्तरं मी आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवलीत.) लाल पडदा म्हणतो, ही फाईल वाचता येत नाही.
पहिलीच ओळ. तिथं माझं नाव होतं. # रचना : मनीषा भिवसन शिंगाडे. ओळीला # लावलं की मशीन ती सोडून देतं, ती फक्त माणसांसाठी असते.
आता तिथं नि.चं नाव. माझी सबंध ओळ पुसून स्वतःची टाइप केलीय, त्याच्या लॅपटॉपवर, मराठी कीबोर्ड चालू ठेवून. आणि मराठीत # च्या बटणावर # येत नाही. ्र येतो. 'प्र'मधला, 'क्र'मधला तो पायाखालचा र. एकटाच, कुणाच्या पायाखाली नाही. # गेलं म्हणून मशीनला वाटतं हा हुकूम आहे. निकम सर नावाचा हुकूम त्याला कळत नाही, आणि ते लाल होतं.
अझहरला दिसणार कसं. सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर मराठीचे नुसते चौकोन दिसतात. नजर त्यांवरून घसरते.
फाईल बंद केली. त्याला म्हटलं, काही दिसत नाही.

१३ एप्रिल
नि.नं पुण्याहून माणूस बोलावला. त्यानं डबा बदलला, उन्हाला नावं ठेवली, शेवभाजीची थाळी खाल्ली, गेला. लाल ते लालच. मला चहा करायला सांगितला. नि.च्या कपात साखर घातली नाही. एक घोट घेऊन त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "गोड बोलणं पुरतं ना सर."
तसं म्हटलं नाही. मनात म्हटलं. तोंडानं 'सॉरी सर'.
१ मेला सगळ्यांसमोर लाल व्हावं. मंडपात. एवढंच मागते.

१८ एप्रिल, सोम.
नि. अझहरवर ओरडला, सगळ्या ऑफिससमोर. "तुझाच हात लागलाय. महिनाअखेर दुसरीकडं बघ." अझहर खाली बघत राहिला. गेल्या वर्षी लग्न झालंय त्याचं, घरी आईची औषधं.
हे माझ्या हिशोबात नव्हतं.
दुपारी माठाजवळ त्याला सगळं सांगितलं. ्र सुद्धा. मला वाटलं चिडेल, आठवडाभर गप्प बसले म्हणून. तो हसायला लागला, पेल्यातलं पाणी सांडलं. "मतलब उसके नाम में इच लफडा है?"
म्हटलं, तूच दुरुस्त कर आणि नोकरी वाचव. माझं काही म्हणणं नाही.
"नक्को. मैं बोलूंगा तो वो बोलेगा मैंनेच किया था. तू बोल. सबके सामने बोल. तब तक मैं बेवकूफ बनके बैठतूं. आदत है."
१ मेपर्यंत थांबता येणार नाही मग. २५ला संस्थेच्या अध्यक्षबाई तालीम बघायला येणार आहेत. तेव्हाच.

२५ एप्रिल, सोम.
अध्यक्षबाई पुढं, मागं शाळांचे दोन-तीन हेडमास्तर. नि. भाषण करत होता, "एका बटणात." बटण दाबलं. लाल. बाई म्हणाल्या, "निकम, हे असंच असतं का?" तो अझहरकडं वळला. मी फोन ठेवला आणि आत गेले.
"सर, चूक तुमच्या नावात आहे."
कुणीतरी खोकलं. नि. म्हणाला, "मनीषा, बाहेर फोन वाजतोय." वाजत नव्हता.
सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं, "तू फोनवर असतेस ना गं? तुला काय माहीत?"
"सर्व्हर मी बनवलाय. त्या ओळीत आधी माझं नाव होतं."
नि. : "टीमचं होतं."
बाई : "ते नंतर बघू. आधी चालू करा." हेच होणार होतं. नंतर.
नि. म्हणाला, "कर मग दुरुस्त." म्हटलं, "तुम्हीच करा सर. तुमची ओळ आहे." बसला. काळा पडदा, सगळे चौकोन. "दोनदा डी दाबा." ओळ गेली. मग तो तसाच बसून. सर्व्हरवर यानं कधी कामच केलेलं नाही. फाईलमधून बाहेर कसं यायचं हे त्याला माहीत नाही. हे बटण, ते बटण. मानेवर घाम. शेवटी हळूच, "बाहेर?"
"काय म्हणालात, सर?"
"बाहेर कसं यायचं?"
मागं हेडमास्तरांपैकी एक दुसऱ्याला म्हणाले, "आपल्यावानीच हाये की." मी पटकन सांगितलं नाही. जेवढं थांबता येईल तेवढं थांबले. मग सांगितलं.
मशीन चाललं. मराठीत स्वागत आलं. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या, कुणासाठी ते कळलं नाही.

२९ एप्रिल, शुक्र.
अझहर राहतोय. रोज पेट्या उघडून मशीन भरतो, मला काचेतून अंगठा दाखवतो.
मी अजून फोनवर. नि. आज टेबलाशी आला. आवाज मधाळ. "पहिली ओळ मी रिकामीच ठेवलीय. कुणाचंच नाव नको. माणसानं मन मोठं ठेवावं." उद्घाटनाच्या पत्रिकेत मात्र त्याचं नाव आहे, मोठ्या टाइपात. छापून झालंय म्हणे.
बाईंना गाठलं. म्हणाल्या, "मी भाषणात घेईन तुझं नाव. वेळ मिळाला तर."
वेळ मिळाला तर.

३० एप्रिल, शनि.
दादांचा फोन. मेंढरं चुलत्यावर सोडून उद्या येणार, लासूरहून सकाळच्या गाडीनं. धोतर धुवायचं म्हणून पाण्यासाठी शेतवाल्याशी भांडलेत.
"मायकावर कोन बोलनार?"
"अध्यक्षबाई."
"मंग म्होरंच बसतो. मागं ऐकू येत नाय मला."
उद्या मंडपात सर्व्हर मी लावणार आहे, दुसऱ्या कुणाला येत नाही. पर्समध्ये दोन पेन ड्राइव्ह ठेवलेत. एकात माझ्या ओळीची फाईल, # सकट. दुसऱ्यात नि.ची ओळ, त्यानं केली होती तशीच, ्र सकट. त्याला लाल दोरा बांधलाय, चुकायला नको. मंडपात शाळेची पोरंही असतील, पहिल्या रांगेच्या मागं. ते डोक्यातून जात नाही. दोरा दोनदा सोडला, दोनदा बांधला.
पत्रिकेत क्रम दिलाय. आधी बाईंचं भाषण. मग बटण.