कात्र्यांच्या गावांचा तौलनिक अभ्यास

२ जानेवारी
आजपासून ग्रंथाला हात घातला. विषय पक्का: जगातली कात्र्यांची गावं वर कशी आली आणि आपलंच का बसलं. जगाचे तीन खंड, पाच प्रकरणं. रोज चार पानं, मार्चअखेर छपाई. कारखाना मुलाच्या हाती सोपवून वरच्या खोलीत बसलो तो याचसाठी. तब्येतीचा काही संबंध नाही.

५ जानेवारी
एक पान झालं. पण काय पान!
युरोपातल्या गावांना नदीने तारलं. पाण्याच्या जोरावर धारेचे दगड फिरायचे. शिवाय कारागिरांच्या संघाचा नियम होता म्हणे, शिकाऊ उमेदवाराला हातचं न राखता शिकवायचं. हा मुद्दा गौण. तळटीप पुरे.
हिला वाचून दाखवलं. म्हणाली, नदीचं राहू द्या, आधी मोटर लावा, टाकी कोरडी पडलीय.

११ जानेवारी
मुलगा जिना चढून आला. समुद्रापलीकडच्या मोठ्या व्यापाऱ्याला शिंप्याच्या कात्र्या हव्यात. महिनाअखेर नमुने पाठवायचे. पसंत पडले तर वर्षभर काम. नाहीतर बाबा, कुलूपच, म्हणाला. माझ्यानंतर बाहेरून आणलेला जुळणीवाला तर वारला. तेव्हा मी सुनेला जुळणी शिकवावी.
(ग्रंथात व्याख्या अशी द्यावी: जुळणी म्हणजे दोन पाती एकमेकींशी बसवणे. पात्याला हातोडीने किंचित बाक द्यायचा, म्हणजे कात्री मिटताना दोघी एका वेळी एकाच जागी भेटतात. किती बाक, ते छापू नये.)
मी सांगितलं, आमच्यात जुळणीवाला भिंतीकडे तोंड करून बसतो. वडील तसेच बसले, मीही जन्मभर तसाच बसलो. हात कुणाच्या नजरेस पडू दिला नाही, म्हणून तर आपलं नाव राहिलं.
सून दारातूनच म्हणाली, राहिलंय ना बाबा, पाटीवर.
पोर गुणाची आहे. जीभ तेवढी धारेला लावलेली.
शिकवीन म्हटलं. तिसरं प्रकरण होऊ दे.

१९ जानेवारी
तिसरं प्रकरण, पूर्वेकडचा देश. तलवारींवर बंदी आली तेव्हा तलवारी घडवणारे सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. आणि इथेही तेच, गुरूने शिष्याला समोर बसवून शिकवलं! दोन खंडांत एकच गोष्ट सापडते म्हणजे योगायोग असणार. खोडलं.
सून रोज चहा आणते. बोलत काही नाही, पण कपाशेजारी दोन पाती ठेवून जाते. बरी आहेत. कागद उडत नाहीत.

२४ जानेवारी
आज खाली जाणारच होतो. चपलाही घातल्या. तेवढ्यात आठवलं, भांडवल! ग्रंथात भांडवलावर एक ओळ नाही. परत बसलो.
ही म्हणाली, पोरं खाली वाट बघतायत. म्हटलं, जगाच्या इतिहासाचा प्रश्न आहे. मग जगालाच सांगा चहा करायला, म्हणाली. चहा आला नाही.

२९ जानेवारी
गेलो. मोठ्या मनाने भिंतीला पाठ करून बसलो. समोर सून, मुलगा, दोघे कारागीर. बघा नीट, म्हटलं, पुन्हा दाखवणार नाही. पात्यांना बाक दिला, खिळा ठोकला, चिंधी घेतली. चिंधी कापेना, पात्यांत दुमडून अडकली. दुसरी कात्री, तीच गत. तिसरीचं टोकच उडालं.
ट्यूबलाइट भलत्या जागी लावलीय. पोलाद तर काय, हल्लीचं! आणि इतके जण टक लावून बसल्यावर कुणाचा हात चालेल?
सुनेने हातोडी काढून घेतली, माझी बोटं चोळत बसली. तिने हळूच विचारलं, बाबा, हे कधीपासून?
म्हटलं, कशाचं कधीपासून?

८ फेब्रुवारी
पोरांनी जमेल तसे जुळवून पाठवलेले नमुने नापसंत. व्यापाऱ्याचा माणूस फोनवर म्हणाला, दिसायला देखण्या आहेत, फक्त कापत नाहीत. काम भलत्याच खंडातल्या एका गावाला गेलं. मुलाने चौकशी केली. तिथे जुळणी शिकवायची शाळा आहे, शिकणाऱ्यांत निम्म्या बायका.
ते गाव पुढे का गेलं, हे मला लगेच उमगलं. बंदर जवळ आहे त्यांना.

२ मार्च
कारखान्याला कुलूप. यंत्रं परवाच उचलून नेली. सुनेला त्या शाळेत जागा मिळाली, मुलगाही तिकडेच काम बघेल. जाताना म्हणाली, शिकले की येईन बाबा, तुम्हाला करून दाखवीन. टोमणाच होता. डोळे कशाला पुसत होती, कळलं नाही.

९ मार्च
पेन बोटांतून सुटतंय. स्वस्तातलं आहे. म्हणून आज मी सांगतोय आणि ही लिहून घेतेय.
समारोप. आपल्या गावाच्या ऱ्हासाची कारणे: नदी आटली. कोळसा लांब. बंदर नाही. सरकार झोपलेलं. समाप्त.
ही म्हणते, अजून एक घालू का?
म्हटलं, पान संपलं.
ही म्हणते, अर्धं कोरं आहे.
कोरंच असू दे, म्हटलं.