कडेची पट्टी कापू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा जलरंगात चित्रे काढणे, हात थरथरत असला तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. मी शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मला शरम वाटते याचा दाखला कोणी देत नाही, म्हणून तो मीच खाली देतो. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फार चांगला माणूस होतो.

कलम १. राहते घर. खाली दादाची बांधणीची खोली, वर माझी रंगकामाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पुस्तके बांधायचा. त्याला जाऊन सव्वीस वर्षे झाली. त्याचा अर्धा हिस्सा वहिनींच्या नावावर आहेच. माझा अर्धाही त्यांनाच जावा, आणि बँकेत जे काही असेल तेही. यात मी उपकार करतो आहे असे कोणी समजू नये. पुढची कलमे वाचल्यावर कोणी समजणारही नाही.

कलम २. माझा खारीच्या केसांचा मोठा ब्रश समोरच्या तैलचित्रकाराने ‘जरा बघतो’ म्हणून नेला, त्याला अकरा वर्षे झाली. तो त्यालाच कायमचा द्यावा, म्हणजे त्याला थोडी तरी लाज वाटेल. लाजेबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही, हे लिहिता लिहिता लक्षात आले. तरी ब्रश त्यालाच द्यावा.

कलम ३. हिवाळ्याचे काम. हे कलम लांबणार आहे.

थंडीत मी बाहेर चित्रे काढत नाही. बोटे आखडतात, रंग वाळत नाही. ते दोन-अडीच महिने पुढच्या चित्रांच्या तयारीचे. कागद टबात भिजवायचा, फळीवर पसरायचा, चारी कडांना डिंकाची पट्टी लावायची आणि सावकाश वाळू द्यायचा. उन्हाळ्यात तो घाईने वाळतो आणि पट्टी उचकटते. थंडीत वाळलेला कागद असा ताणून बसतो की टिचकी मारली तर वाजतो. चित्र पूर्ण झाले की पट्टीच्या आतून सुरी फिरवून कागद सोडवायचा. पट्टी फळीवर राहते, ती खरवडून टाकून द्यायची.

दादा गेल्यानंतर हे भिजवण्या-ताणण्याचे काम वहिनींनी आपण होऊन घेतले. दादाच्या हाताखाली कागद आणि खळ यांत त्यांचा जन्म गेलेला. माझ्यापेक्षा त्यांना कागद जास्त कळत होता. एकोणीस वर्षांपूर्वी मी छातीच्या दुखण्याने पडून होतो. वसंतातले प्रदर्शन तोंडावर आलेले आणि एकाही फळीवर आकाश नाही. एक दिवस वहिनी एक फळी घेऊन पलंगाशी आल्या.

“भावोजी, जरा रंग सोडून बघितलाय. चालतंय का बघा. नाहीतर कागद उलटा करून वापरा.”

फळी किंचित तिरकी धरून वरून खाली एका ओघात उतरवलेला निळा. मध्ये चिमूटभर गेरू मिसळून मऊ केलेला. खाली घरे-झाडे काढायला माझ्यासाठी जागा कोरडी सोडलेली. मी चाळीस वर्षे घासत होतो, मला असे आकाश कधी जमले नव्हते. मी म्हणालो, “चालेल. अजून दहा करा.”

त्यांनी त्या वर्षी बावीस केली, आणि दर हिवाळ्यात करत राहिल्या. प्रत्येक फळीच्या पट्टीवर पेन्सिलने बारीक लिहायच्या: ‘सकाळ. वारा नाही. दोन हात दिले.’ हे मला कळावे म्हणून. मी खाली चार घरे, एक पूल काढायचो, उजव्या कोपऱ्यात झोकात सही करायचो, सुरी फिरवायचो आणि त्यांचे अक्षर शेगडीत घालायचो. लोक म्हणू लागले, घरे ठीक आहेत, पण यांचे आकाश बघा! मी मान डोलवायचो.

कलम ४. बारा वर्षांपूर्वी एक टीकाकार घरी आले होते. त्यांनी विचारले, “या कोण?” मी म्हणालो, “वहिनी आहेत. कागद भिजवून देतात.” वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. मी बघितले आणि नजर फिरवली. त्यांनी चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी टब भरल्याचा आवाज आला.

कलम ५. याहून वाईट हे. पुढच्या हिवाळ्यात मी ईर्षेने सात आकाशे स्वतः केली आणि त्यांच्या फळ्यांत मिसळून चित्रे पूर्ण केली. प्रदर्शनवाल्या बाईंनी नेमकी तीच सात बाजूला काढली. “ही जरा घाईत झालीत का हो?” घरी येऊन मी वहिनींना सांगितले, “तुमची सात परत आली.”

त्या म्हणाल्या, “फळी कमी तिरकी झाली असेल. पुढच्या खेपेला बघते.”

ती सात त्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून मी जाळली. पुढचा अख्खा हिवाळा त्या बिचाऱ्या फळीखाली पुस्तके सरकवून तिरकेपणा मोजत बसल्या, आणि मी जिन्यावरून ते बघत होतो.

कलम ६. माझ्या पश्चात हे सर्व जाहीर करावे. चौकटवाला, म्हणजे माझ्या चित्रांना चौकटी करणारा जुना मित्र, याला मी व्यवस्थापक नेमतो.

कलम ७. हे कलम पाच दिवसांनी जोडले आहे. चौकटवाला साक्षीदार म्हणून सही करायला आला. व्यवस्थापक म्हणून त्याने सगळे वाचले, चष्मा काढला आणि म्हणाला, “म्हणजे हे वहिनींना तू गेल्यावर कळणार?”

“हो.”

“वा! मस्त सुटलास की रे.”

त्याने सही केली नाही. उठून गेला.

मी खाली गेलो. वहिनी टबाशी होत्या, हात कोपरापर्यंत ओले. मी त्यांना पहिल्यापासून सगळे वाचून दाखवले. सात आकाशांचेही. मग वहिनी म्हणाल्या, “ते टीकाकार आले होते, तेव्हा मी दारात होते. तुम्ही बघितलं होतंत?”

“हो.”

“मला वाटत होतं, तुम्हाला मी दिसले नसेन. बारा वर्षं तेच धरून चालले होते हो मी.”

त्यांनी कागद पाण्यातून काढला, निथळू दिला आणि फळीवर पसरला. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. वहिनींना मी दुखावले हे मला ठाऊक होते. किती, ते त्या दोन दिवसांत कळले.

तिसऱ्या दिवशी मी या हिवाळ्याच्या एकतीस फळ्या त्यांच्यासमोर मांडल्या आणि पेन्सिल दिली. म्हटले, “वहिनी, सही करा. प्रत्येकीवर. तुमचं नाव.”

“कुठं करू?”

“तुम्हाला वाटेल तिथं.”

दुपारपर्यंत त्या बसून होत्या. जेवायला गेल्या तेव्हा मी पाहायला गेलो. आकाशावर कुठेच नाव नव्हते. एकतीसही सह्या कडेच्या पट्टीवर होत्या, कापून टाकायच्या भागात. मी विचारले तर म्हणाल्या, “माझं लिहायचं तिथंच असतं ना?”

कलम ८. सबब, या एकतीस कागदांना कोणीही, मीसुद्धा, सुरी लावू नये. फळीसकट आणि पट्टीसकट चौकटीत बसवावेत. वजन होईल, खिळे मोठे वापरावेत. खालची कोरडी जागा माझ्यासाठी सोडलेली आहे. ती तशीच कोरडी राहू द्यावी.

सही: चित्रकार

साक्षीदार पहिला: चौकटवाला (वाचून, दुसऱ्या खेपेस)
साक्षीदार दुसरे: डॉक्टर

ठिकाण: खालची खोली, टबाजवळ
तारीख: एकोणतीस जानेवारी, सकाळ. वारा नाही.