डाव्या पावलावरचा शब्द

हुडकेश्वर, नागपूर
शनिवार, ५ एप्रिल २०२५

चि. जितेंद्र,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. काटोलची संत्री आली, ती तुझ्या काकूंच्या हाती पाठवतो आहे. चिठ्ठी त्याच पिशवीत, कारण फोन तू परवापासून उचलत नाहीस.

परवा मैदानावर मी तुझ्या हिमानीला थांबव म्हटलं, तर तू सगळ्यांसमोर म्हणालास, "सर, कवितेनं मेडल नाही भेटत." पोरं हसली. मीही हसलो.

आठवतं का रे, पाचवीतली नदीची कविता म्हणत तुम्ही चकरा मारायचे? तिसरं कडवं आलं की तुला हमखास खोकला! ती नदी अजून माझ्या स्वप्नात वाहते. कविता सुरू करण्याआधी मीही घड्याळाचाच माणूस होतो. मग दिसलं, पोरं सरांना 'नाही जमत' म्हणत नाहीत, पडेपर्यंत पळतात. म्हणून कविता. ओळ तुटली की थांबायचं, मी रागावणार नाही. एवढंच माझं शास्त्र.

हिमानीला तर तुझ्यातल्या बापाला आणि कोचला एकदमच नाही म्हणावं लागतं.

परवा ती कविता म्हणत पळत होती, आणि कुंपणापाशी मी डोळे मिटून ऐकत होतो. दम होता, लय होती. फक्त डावं पाऊल पडलं की शब्द अर्धा.

पुढचं लिहायचं नव्हतं. काल ती घरी आली. नडगीवर एका जागी मी नुसतं बोट टेकवलं, तर डोळ्यांत पाणी.

"काहून लपवून राहिली वं?"

"बाबाले नका सांगू, सर. रविवारची ट्रायल झाली की मीच सांगतो. तुम्हाले माझी शपथ."

"नाही सांगत," म्हणालो.

तो शब्द मी आत्ता मोडला. ती माझ्याशी बोलणार नाही, न बोलो. सरांनी चहाडी केली म्हण, तिच्यावर रागावू नकोस.

जितू, हाड चिरलं असेल तर उद्याची धाव तिची शेवटची ठरेल. माझं खोटं वाटत असेल तर आज अंगणात तिला कविता म्हणत चालव, आणि तू डोळे मीट. ऐकायला तुला मीच शिकवलं आहे.

उद्या सकाळी मी मैदानावर येईन. हिमानीचं नाव पुकारतील, आणि रेषेवर कोणी येऊ नये, एवढीच वाट पाहणारा,

तुझा
सर