चौकोनी खाच, गोल खाच

प्रिय बाबा,

तुमचा पत्र्याचा फळा आज कंपनीने काचेच्या चौकटीत लावला. खाली माझं नाव! टाळ्या वाजल्या, मी हसून फोटोही काढून घेतला. घरी आले आणि पर्ससुद्धा न ठेवता तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, आणि मी अजून गप्पच आहे.

आठवतं ना? तुर्कस्तानला जाणाऱ्या इंजिनिअरांना तुर्की शिकवायचं काम मला चाकणला मिळालं, आणि पोरं प्रत्ययांवर अडायला लागली. 'एव' म्हणजे घर, 'एवदे' घरात. पण 'ओकुल' म्हणजे शाळा, तिथे मात्र 'ओकुलदा'. शब्दातल्या स्वराप्रमाणे प्रत्यय बदलतो, तिथे सगळे चुकायचे. मी स्वयंपाकघरात कुरकुरत होते. तुम्ही तळवड्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेले, दहावी नापास फिटर. तिथलाच जपानी शब्द काढून म्हणालात, "अगं, पोकायोके कर की! चुकीचा पार्ट बसलाच न्हाई पायजे."

पंधरा दिवस कानस चालवत बसलात, आणि पत्र्याच्या फळ्यावर एकमेकींत अडकणाऱ्या शब्दांच्या आणि प्रत्ययांच्या पट्ट्या केल्यात. 'एव'च्या जातीच्या शब्दांना चौकोनी खाच, 'ओकुल'च्या जातीला गोल. चुकीचा प्रत्यय अडकायचाच नाही! तुर्कीतही बाबांना 'बाबा'च म्हणतात हे कळल्यावर पहिली पट्टी त्या शब्दाचीच कापलीत. 'एव-इम-दे', माझ्या घरात, हा क्रम तर तुम्हाला फारच पटला. "बरोबर हाय. आधी कुणाचं ते सांगायचं, मग कुठं ते."

फळा स्कूटरला बांधून तुम्हीच माझ्या कंपनीत आणलात. शर्टावर ऑइलचे डाग होते. साहेबांनी विचारलं, "वा! कुणी बनवला?"

"मीच, सर," मी म्हणाले.

"आणि हे कोण?"

मी फळ्यावरच्या पट्ट्या सारख्या करायला लागले. तुम्हीच म्हणालात, "फळा पोचवायला आलो, साहेब. मॅडमनी बनवलाय."

मॅडम! का म्हणालात असं, बाबा? चारचौघांत कान धरला असता तर बरं झालं असतं. त्या डागांची मला लाज वाटली होती, हे खरं आहे. आणि संध्याकाळी तुम्ही विचारलंत काय, तर "खाचा बसल्या ना नीट?" मी मान हलवली आणि टीव्ही लावला. माफी मागायला तेव्हा कितीसा वेळ लागला असता?

तुमचे अक्षरांचे पंच मी माळ्यावरून काढले आहेत. पत्र्याच्या पट्टीवर तुमचं नाव ठोकणार आहे, वाकडंतिकडं आलं तरी. उद्या नवी बॅच आहे. साहेबांसमोर चौकट उघडायला लावेन, माझं नाव काढून तुमचं लावेन, आणि हा माणूस माझा कोण ते सांगेन. 'घरात', 'शाळेत' त्यानंतर.

आधी कुणाचं, ते सांगणार आहे.

तुमची मुलगी, मॅडम नव्हे,
वैशू